दगडापाशी उभे राहिल्यावर कोणते पुस्तक उपयोगी पडते?

गेली सहा वर्षे आम्ही पाच जण सुट्टीच्या दिवशी आमच्या तालुक्यातील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारक-दगड), सतीशिळा, गद्धेगाळ (गाढवाचे चित्र आणि शाप कोरलेल्या दानशिळा), पडक्या देवळांचे अवशेष आणि शिलालेख यांच्या नोंदी करीत फिरतो. आमच्यापैकी कोणीही पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. एक निवृत्त तलाठी आहेत, एक बाई शाळेत भूगोल शिकवतात, एकाचे छायाचित्रांचे दुकान आहे, एक जण शेती करतो आणि मी सहकारी बँकेत नोकरीला आहे. या कामासाठी जी पुस्तके विकत घेतली, मागून आणली किंवा संगणकावर वाचली, त्यांचे हे परीक्षण आहे. ती विद्वत्तेच्या कसोटीवर घासण्याचा मला अधिकार नाही. मी एकच कसोटी लावली आहे. शेताच्या बांधावर एखादा कोरीव दगड समोर असताना, पुढे काय करायचे हे ज्याला कळत नाही अशा सामान्य माणसाला हे पुस्तक काही हात देते का, एवढेच मी पाहिले आहे.

ही कसोटी सुचली ती पहिल्याच दिवशी. ओढ्याकाठी धुण्यासाठी टाकलेला एक लांबट दगड गावातल्या मुलांनी आम्हांला दाखवला. तो उलटा केला तेव्हा खालच्या अंगाला तीन चौकटी निघाल्या: सर्वांत खाली लढाई, मध्ये हात वर केलेल्या स्त्रिया, वर शिवलिंगापुढे बसलेला पुरुष आणि टोकाला चंद्रसूर्य. वीरगळ आहे इतके आम्हांला समजले. पण तो धुवावा की नाही, मोजायचे काय, छायाचित्र कोणत्या प्रकाशात घ्यायचे, ही गोष्ट कोणाच्या कानावर घालायची आणि दगड तेथेच ठेवायचा की देवळात आणायचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पिशवीत एक पर्यटन पुस्तिका होती. तिच्यात तालुक्यातील तीन हॉटेलांची नावे होती.

सर्वांत आधी हाती आले ते गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचे इंग्रजी खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने पुढे काढलेल्या जिल्हा गॅझेटियरांपैकी काही मराठीतही आहेत आणि यांतील बरेच खंड आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. जुन्या खंडांतील प्रेक्षणीय स्थळांचे प्रकरण हे आमच्यासारख्यांचे खरे भांडवल आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या खंडात बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांचे वर्णन आहे ते मी किमान दहा वेळा वाचले असेन. दगडांची मापे दिली आहेत आणि प्रत्येक दगडाची चौकट खालून वर क्रमाने सांगितली आहे. घोडेस्वार कोठे, वल्ह्यांची जहाजे कोठे आणि वीराला विमानातून नेणाऱ्या अप्सरा कोठे, हे सारे शांतपणे, विशेषणे न उधळता नोंदलेले आहे. हा प्रसंग शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातील लढाईशी पुढे अभ्यासकांनी जोडला. वर्णन लिहिणाऱ्याने मात्र आधी दगड पाहिला आणि अर्थाची घाई केली नाही. वीरगळ खालून वर वाचायचा असतो हे आम्ही येथे शिकलो, आणि आमच्या वहीतील नोंदींचा क्रम आजही तोच आहे.

गॅझेटियरच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते साहेबाने कारभारासाठी लिहविलेले आहे, त्यामुळे ज्या गावाला बाजार, बंगला किंवा किल्ला नव्हता ते बहुधा सुटले आहे. गावांची नावे इंग्रजी वळणाने लिहिलेली असल्यामुळे ती ओळखण्यासाठी आमच्या तलाठीकाकांना जुने सातबारे आठवावे लागतात. शिवाय माहिती कोणी दिली हे बहुतेक ठिकाणी कळत नाही. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी, मास्तरांनी आणि गुरवांनी जे दाखवले असेल त्यावरच हे काम उभे आहे, ही गोष्ट वाचकाने स्वतःच ओळखायची आहे. तरीही 'माझ्या गावाविषयी आधी कोणी काय लिहिले आहे' या पहिल्या प्रश्नासाठी याहून चांगले आणि याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

हसमुख धीरजलाल सांकळिया आणि म. श्री. माटे यांचे 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हे पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७६ साली प्रसिद्ध केले. मराठीत या विषयावर लिहिणारे अनेक आहेत, पण ज्यांनी स्वतः कुदळ चालवली त्यांनीच मराठी वाचकासाठी लिहावे हा योग दुर्मीळच. सांकळियांनी शां. भा. देव यांच्यासह १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले आणि नंतर नेवाशाचे मोठे काम हाती घेतले. संगमनेरजवळच्या प्रवरेकाठच्या जोर्वे या लहानशा गावाचे नाव त्यामुळे एका सबंध संस्कृतीला मिळाले. असा लेखक खापराविषयी लिहितो तेव्हा ते खापर त्याच्या बोटांना ठाऊक असते.

आमच्या शेतकरी मित्राला या वाचनाचा जो उपयोग झाला तो सांगण्याजोगा आहे. गावाची 'पांढर' म्हणजे जुन्या वस्तीचे पांढरट, राखाडी मातीचे टेकाड, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. त्या मातीला खताचा गुण असतो म्हणून लोक ती गाड्या भरून शेतात नेत, हेही माहीत होते. त्या मातीबरोबर खापरेही शेतात येतात, आणि तांबूस-नारिंगी रंगाच्या, काळ्या रेघांच्या नक्षीच्या, नखाने वाजवले असता खणखणणाऱ्या जोर्वे खापराचा तुकडा म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरातले भांडे असते, हे मात्र नवे होते. त्याने त्या दिवसापासून पांढरीची माती नेणे बंद केले आणि भावकीतल्या दोघांनाही बंद करायला लावले. एखाद्या पुस्तकाने लोकसहभाग घडवला असे म्हणायचे झाले तर मी हे उदाहरण देईन, जरी पुस्तकात तसा उपदेश शोधूनही सापडणार नाही.

उणीव आहे ती काळाची. पुस्तक निघाले तेव्हा घोडनदीकाठच्या इनामगावचे उत्खनन अजून चालू होते. ते १९८३ पर्यंत चालले आणि त्याचा सविस्तर इंग्रजी वृत्तांत आणखी पाच वर्षांनी आला. प्रवरेकाठच्याच दायमाबादचे सर्वांत मोठे उत्खननही १९७६ ते १९७९ या काळातले. त्यामुळे आज हे पुस्तक वाचणाऱ्याने सोबत नवे काही वाचणे भाग आहे. दायमाबादचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. तेथे १९७४ साली मिळालेली तांब्या-काशाची ती चार भारदस्त शिल्पे, म्हणजे बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, कोणा पुरातत्त्वज्ञाला सापडली नव्हती. झाडाचे बुंधे आणि मुळे खणून काढणाऱ्या एका भिल्ल कष्टकऱ्याला ती सापडली. आपल्या पुस्तकांत या प्रसंगाला बहुधा एक ओळ मिळते. त्या माणसाने पुढे कोणाला सांगितले, ती वस्तू सरकारपर्यंत कशी पोहोचली आणि त्या वाटेवर काय काय बिघडू शकले असते, हे कोणी दोन पानांत सांगितले तर ती दोन पाने खेड्यातल्या वाचकाला रथाच्या कालनिर्णयावरील वीस पानांपेक्षा अधिक शिकवतील असे मला वाटते.

शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा पुणे विद्यापीठाने १९६३ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ आमच्या संग्रहातील सर्वांत जड आणि सर्वांत झिजलेला आहे. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली असून तिच्या पहिल्या पानावर एका महाविद्यालयाचा 'बाद' असा शिक्का आहे. लेखाचा पाठ, त्याचा अर्थ आणि शब्दांवरील टिपा अशी मांडणी असल्यामुळे ज्याला जुनी लिपी येत नाही त्यालाही एकेका लेखाशी बसून काही कमावता येते. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला 'चौऱ्याऐंशीचा' म्हणून ओळखला जाणारा लेख, असे लेख आम्ही पाठाला बोट लावून वाचले आणि मगच प्रत्यक्ष पाहायला गेलो. चाळीसगावजवळच्या पाटणचा लेखही असाच अभ्यासण्याजोगा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा हा लेख शके ११२८ चा असून त्याच्या शेवटच्या मराठी ओळींत मठाला द्यावयाच्या उत्पन्नाचा तपशील येतो. तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणणारे भाऊ दाजी लाड हे व्यवसायाने डॉक्टर होते, ही गोष्ट मी आमच्या गटात वारंवार सांगतो.

या ग्रंथाने आम्हांला दिलेला सर्वांत मोठा धडा अक्षीच्या लेखाच्या निमित्ताने मिळाला. तुळपुळ्यांनी त्यातील शकाचा आकडा ९३४ असा वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. पुढे इतर अभ्यासकांनी तो आकडा वेगळा वाचला आणि लेख जवळजवळ दोनशे वर्षे अलीकडे आणला. झिजलेल्या काही अंकांवर मराठीचा 'पहिला' लेख कोणता हे ठरते, असे लक्षात आल्यावर छायाचित्राकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. भर दुपारी समोरून घेतलेले छायाचित्र देखणे येते, पण त्यात अक्षर मरते. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन असताना, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूने विजेरी धरून घेतलेल्या छायाचित्रात खोदलेल्या रेषेची सावली पडते आणि बुजलेला वळसा दिसू लागतो. हे आम्हांला छायाचित्रकार मित्राने शिकवले. असे शिकवणे हा तुळपुळ्यांच्या ग्रंथाचा हेतूच नव्हता, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मराठीत दुसऱ्या कोणा पुस्तकाने ते काम करायला हवे होते.

शिवाय १९६३ नंतर उजेडात आलेले लेख या ग्रंथात असणे शक्यच नाही. दक्षिण सोलापुरातील सीना-भीमा संगमावरच्या हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० चा लेख अशा नंतर उजेडात आलेल्या लेखांपैकी आहे. 'हे वाचील तो विजयी होईल' अशा अर्थाची त्याची अखेरची ओळ आता पुष्कळांना पाठ आहे. हा लेख प्रकाशात आणणारे सोलापूरचे आनंद कुंभार कोणत्याही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. जिल्ह्यातली गावे पायाखाली घालून त्यांनी शिलालेखांचा अभ्यास केला. तुळपुळ्यांच्या ग्रंथाची जर कधी वाढवलेली आवृत्ती निघाली, तर तिच्यातील नव्या लेखांपैकी किती लेख अशा हौशी अभ्यासकांनी शोधलेले असतील याची मला उत्सुकता आहे.

ग. ह. खरे यांचे 'मूर्तिविज्ञान' १९३९ सालचे. भाषा जुनी आणि आटोपशीर आहे, आणि या एकाच पुस्तकाविषयी मी विनातक्रार असे म्हणेन की ते दगडापाशी उघडून वापरता येते. विष्णूची चोवीस रूपे चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या क्रमावरून ठरतात आणि तो क्रम उजव्या खालच्या हातापासून मोजायचा असतो, हे एकदा कळले की गावातल्या 'लक्ष्मीनारायणा'चा केशव किंवा माधव होतो. एका गावात आम्ही हे पुजाऱ्यांना उत्साहाने सांगितले आणि त्यांनी नम्रपणे विचारले, "मग आता उत्सव कोणाचा करायचा?" तेव्हापासून आम्ही मूर्तीचे शास्त्रीय नाव आणि गावाने दिलेले नाव असे दोन रकाने ठेवतो. दुसरा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण शेंदूर लावलेला वीरगळ कोठे म्हसोबा झालेला असतो, कोठे वेताळ, आणि ते नाव आहे म्हणूनच दगड शाबूत राहिलेला असतो.

वीरगळांवर स्वतंत्र ग्रंथ पाहिजे असेल तर एस. शेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी संपादित केलेला १९८२ सालचा इंग्रजी ग्रंथ अजूनही पायाभूत आहे, परंतु तो ग्रंथालयात बसून वाचण्याचा आहे. मराठीत ठाण्याच्या सदाशिव टेटविलकरांचे 'महाराष्ट्रातील वीरगळ' हे पुस्तक नवशिक्याने आधी घ्यावे. त्यामागे फिरलेला माणूस आहे हे जाणवते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अजिंठा, वेरूळ, घारापुरी यांवरील मार्गदर्शिका सुबक आहेत, माहिती नेमकी आहे, पण त्या पाहुण्याला लेणे दाखवण्यासाठी आहेत. आमच्या कामाशी त्यांचा संबंध एवढाच की चांगले छायाचित्र कसे असते हे त्यांवरून कळते. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील पुरातत्त्वविषयक नोंदी मात्र मी मनापासून सुचवीन. त्या फुकट आहेत, जाणकारांनी लिहिलेल्या आहेत आणि मोबाइलवर उघडतात, म्हणजे खरोखरच दगडापाशी उघडतात. सूक्ष्मास्त्र, म्हणजे अश्मयुगातले अगदी लहान दगडी हत्यार, कशाला म्हणायचे याची नोंद वाचून आमच्या भूगोलाच्या बाईंनी मुलांना नदीकाठच्या गारगोट्यांच्या छिलक्यांमधला माणसाने काढलेला छिलका ओळखायला शिकवले. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास फिरत अशीच सूक्ष्मास्त्रे वेचीत आणि ती जेथे मिळतात तेथील धनगरांच्या वाटा, देवांची ठाणी यांची सांगड घालीत, हे बाई त्या तासाला आवर्जून सांगतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे वळतो. मराठीतील ही सारी पुस्तके काय आहे आणि त्याचे मोल काय, हे उत्तम सांगतात. काय करावे, हे सांगणारे पुस्तक मात्र माझ्या पाहण्यात आलेले नाही. ही उणीव किती मोठी आहे हे मला एका इंग्रजी पुस्तिकेमुळे समजले. इंग्लंडमध्ये १९४४ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश पुरातत्त्व परिषदेने सामान्य माणसांसाठी कामाच्या हस्तपुस्तिका काढल्या आहेत. त्यांपैकी एक गावच्या चर्चभोवतालच्या दफनभूमीतील थडग्यांची नोंद कशी करावी यावर आहे. जेरेमी जोन्स यांनी लिहिलेली ही पुस्तिका प्रथम १९७६ साली निघाली, म्हणजे सांकळिया-माटे यांचे पुस्तक आले त्याच वर्षी. पुढे २००० साली हॅरॉल्ड मायटम यांनी त्याच विषयावर अधिक विस्तृत पुस्तिका लिहिली.

तिचे मोल माहितीत नसून शिस्तीत आहे. दफनभूमीचा नकाशा आधी काढावा, प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा, एका दगडाला एक छापील पत्रक वापरावे, त्यावर उंची-रुंदी-जाडी, दगडाचा प्रकार, दिशा, कोरीव मजकूर जसाच्या तसा आणि दगडाची सध्याची अवस्था लिहावी, अशा पायऱ्या आहेत. नोंद करणारा निवृत्त शिक्षक असो की शाळकरी मूल, पत्रक तेच राहते, आणि म्हणून एका गावाची नोंद दुसऱ्या गावाच्या नोंदीशेजारी ठेवता येते. आमच्या पहिल्या दोन वर्षांच्या वह्या आज उघडल्या तर काही ठिकाणी उंची फुटांत आहे, काही ठिकाणी वितींत, आणि एका ठिकाणी चक्क 'कमरेएवढा' असे लिहिले आहे. थडग्याच्या जागी वीरगळ घातला की ती पुस्तिका जवळजवळ तशीच आपल्याकडे चालेल. ती मराठीत कोणी करीत नाही याचे मला नवल वाटते, कारण तिला विद्वत्तेपेक्षा चिकाटी अधिक लागते.

तशा पुस्तिकेत आपल्याकडच्या दोन गोष्टी मात्र नव्याने लिहाव्या लागतील. पहिली कायद्याची. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्याप्रमाणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आली. हे सगळे सामान्य माणसाला 'सरकार जमीन घेईल' या एका भीतीच्या रूपातच माहीत असते, आणि त्या भीतीपोटी विहीर खणताना निघालेले दगड रातोरात पुन्हा बुजवले जातात. कायदा नेमका काय मागतो आणि काय मागत नाही, हे साध्या मराठीत चार पानांत कोणी छापले तर असे कितीतरी दगड वाचतील.

दुसरी गोष्ट काय करू नये याची. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पांढरा रंग भरू नये. शेंदराचे कवच स्वतः खरवडू नये, कारण त्याखालची झीज आपल्याला दिसत नसते आणि वरची श्रद्धा आपली नसते. संरक्षित लेखाचा शाईने ठसा परवानगीवाचून घेऊ नये. उघड्यावरच्या सुट्या मूर्तीचे नेमके ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नये. शेवटचा नियम आम्ही फार उशिरा शिकलो. एका देवळाच्या आवारातील लहान चामुंडेचे छायाचित्र आम्ही गावाच्या नावासह आनंदाने सगळीकडे पाठवले आणि पुढच्या भेटीत तेथे फक्त चौथरा होता. आमच्या छायाचित्रामुळेच ती गेली असे म्हणता येणार नाही, तरी त्या गावी पुन्हा गेलो तेव्हा सरपंचांशी बोलताना माझी मान वर झाली नाही.

पुस्तकावाचूनही लोकांनी काय केले आहे याचे उत्तर कोकणात आहे. रत्नागिरी आणि राजापूर भागातील सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारून शोधली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातील कुडोपी या महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील फणसायमळ या नवव्या स्थळाचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ज्या पद्धतीने हे शोध लागले ती पद्धतच एका हस्तपुस्तिकेचा विषय आहे: कोणाला विचारायचे, कसे विचारायचे, गवत कोणत्या महिन्यात वाळते, कातळ कसा झाडायचा. ती लिहिली गेली तर मी पहिली प्रत घेईन.

सापडलेले छापायचे कोठे, या प्रश्नाला मराठीत समाधानकारक उत्तर आहे, आणि याबाबत आपण पुष्कळांपेक्षा भाग्यवान आहोत. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे 'संशोधक' यांनी पिढ्यान्‌पिढ्या हौशी अभ्यासकांची टाचणे छापली आहेत. त्यांचे जुने अंक चाळण्यात मोठे शिक्षण आहे. कोणी तालुक्याच्या गावचा वकील किंवा शिक्षक एक पानभर टिपण पाठवतो, त्यात एका सनदेचे किंवा शिळेचे वर्णन असते, आणि ते पान पुढे शंभर वर्षे उपयोगी पडते. नवख्याने याच टाचणांकडे नमुना म्हणून पाहावे. शक, संवत्सर, तिथी, दगडाचे ठिकाण, मालकाची परवानगी आणि पाठ, इतके नीट असले की टिपण उभे राहते. त्यात स्वराज्य, अस्मिता आणि वैभवशाली परंपरा हे शब्द आले नाहीत तरी चालते.

खरेदीविषयी थोडे. यांतील जुनी पुस्तके नव्या दुकानांत क्वचितच दिसतात. एका शासकीय विक्री केंद्रात मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा यादीत पुस्तक होते पण कपाटात नव्हते, दुसऱ्यांदा कपाट होते पण किल्ली नव्हती, आणि तिसऱ्यांदा मिळाले तेव्हा त्याची छापील किंमत माझ्या जाण्यायेण्याच्या एसटी भाड्याच्या निम्मी होती. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, त्यामुळे आधी तेथे पाहावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर उतरवून घ्यावे, 'मूर्तिविज्ञान' कोठूनही मिळवावे, वीरगळांवरचे मराठी पुस्तक विकत घ्यावे आणि तुळपुळे ग्रंथालयात वाचावेत.

आमच्या पिशवीत सध्या यांपैकी 'मूर्तिविज्ञान' असते, तीन मीटरची टेप, होकायंत्र, विजेरी, मऊ कुंचला, रंगीत पट्ट्यांची एक काठी आणि त्या इंग्रजी पुस्तिकेवरून आम्हीच तयार केलेल्या पत्रकाच्या झेरॉक्स प्रती. पत्रकावर सोळा रकाने आहेत. सोळावा रकाना 'दगडाविषयी गावात काय सांगतात आणि कोण सांगते' असा असून तोच नेहमी अपुरा पडतो, म्हणून पुढच्या छपाईत त्याला पाठची सगळी बाजू द्यायची असे ठरले आहे.